गृहस्थाचे सदर : तळघरातील उघाडी

घर विकत घेणारा मनुष्य सामान्यतः छप्पर पाहतो, भिंती पाहतो, खिडक्यांतून येणारा उजेड पाहतो आणि देवघरासाठी पूर्वेचा कोपरा मिळतो की नाही हेही पाहतो. घराखालून जाणारी वाट मात्र तो पाहत नाही. ज्या वाटेने घरातील सर्व सांडपाणी दररोज निमूटपणे बाहेर पडते, ती चालू आहे तोवर तिचे नाव कोणी काढीत नाही. आणि ज्या दिवशी ती तुंबते, त्या दिवशी घरात दुसऱ्या कशाचेही नाव निघत नाही.

न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स विभागाच्या साउथ ओझोन पार्क या वस्तीत असा दिवस ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उगवला. थँक्सगिव्हिंगचा सण होऊन दोनच दिवस झाले होते. शनिवारी पहाटे तेथील डझनावारी घरांच्या तळघरांत मोऱ्यांतून आणि शौचकूपांतून मैलापाणी उलटे वर येऊ लागले. गयाना व त्रिनिदाद येथून आलेल्या गिरमिटियांच्या वंशजांची या परिसरात मोठी वस्ती आहे. अशा घरांतील तळघर म्हणजे केवळ अडगळीची जागा नव्हे. पाणी तापविण्याची टाकी तेथे असते, घर ऊबदार ठेवणारी भट्टी तेथे असते, कपडे धुण्याचे यंत्र तेथे असते, आणि कित्येक घरांत म्हातारे आईवडील किंवा नुकताच देशांतर करून आलेला भाऊ यांचे बिछानेही तेथेच असतात. त्या पहाटे या सर्वांवर शहराची घाण चढून आली.

प्रथम संशय आला तो स्वयंपाकघरांवर. सणाच्या रांधपाचे तेल आणि चरबी लोकांनी मोरीत ओतली असावी आणि तिचा गोळा होऊन मोठी वाहिनी तुंबली असावी, असा तर्क शहराच्या पाणीखात्याकडून आरंभी मांडला गेला. ज्यांच्या तळघरांत गुडघाभर संकट उभे होते त्यांनाच त्या संकटाचे कारण ठरविणारा हा तर्क होता. पुढे शोध केल्यावर खरे कारण निघाले ते वेगळेच. केनेडी विमानतळाच्या बाजूस जमिनीत खूप खोल असलेली शहराची मुख्य मैलावाहिनीच कोसळली होती. शहराने नंतर चूक सुधारली, पंप लावून पाणी दुसऱ्या मार्गाने वळविले, आणि नुकसानभरपाईचे अर्ज शहराच्या हिशेबतपासनिसाच्या कचेरीने हाती घेतले. तथापि पहिल्या दोन दिवसांत उच्चारलेला शब्द लोकांच्या मनातून सहज जात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण त्या घरांतील वडीलधाऱ्यांना आठवली असेल तर नवल नाही.

या प्रसंगातून दोन धडे निघतात, आणि ते वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. पहिला हा की, दोष कोणाचा हे ठाऊक नसता तो मुकाट्याने पदरात घेऊ नये. दुसरा हा की, त्या दिवशी तेलाचा दोष नव्हता म्हणून तेल निर्दोष ठरत नाही. दोन्ही धड्यांचे मूळ एकच आहे. घरातून निघालेल्या पाण्याची वाट कोठून कोठे जाते, तिचा कोणता भाग घरधन्याचा आणि कोणता शहराचा, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच आपला दोष मान्य करता येतो आणि दुसऱ्याचा दोष दाखविता येतो.

गिरमिटियांच्या वंशजांना सांडपाण्याची विद्या परकी नाही, किंबहुना ती त्यांच्या रक्तात आहे. डेमेराराचा किनारा भरतीच्या समुद्रापेक्षा सखल. तेथील ऊस उभा राहिला तो चरांच्या आधारावर. १९४९ साली ब्रिटिश गयानातील साखरधंद्याविषयी अहवाल देणाऱ्या व्हेन आयोगाने नोंदविले आहे की, उसाच्या प्रत्येक चौरस मैलामागे पाणी काढून देणारे चर आणि कालवे ४९ मैल लांबीचे होते. ते मुळात खणले आफ्रिकी गुलामांनी. १८३८ पासून पुढे त्यांतील गाळ उपसला हिंदी मजुरांनी. जो मजूर कमरेएवढ्या चिखलात उभा राहून मळ्याचे पाणी वाहते ठेवीत असे, त्याच्या स्वतःच्या चाळीपुढे मात्र उघडे गटार साचलेले असे. त्या चाळींना गयानात लोजी म्हणत. त्या पाडून टाकाव्यात, अशी शिफारस याच व्हेन आयोगाला करावी लागली. १९१४ साली रॉकफेलर यांच्या आरोग्य मंडळाने अमेरिकेबाहेरची आपली पहिली अंकुशकृमीविरोधी मोहीम ब्रिटिश गयानातच सुरू केली, त्याचे कारणही हेच. अनवाणी पाय आणि मैल्याने दूषित झालेली माती यांच्या संगमातून तो कृमी शरीरात शिरतो. शौचकूप बांधणे हाच त्यावरचा खरा उपाय होता.

मळ्यावरचे गटार मळेवाल्याचे होते. त्याची दुरुस्ती व्हावी की न व्हावी हे ठरविण्याचा अधिकार चाळीतील माणसाला नव्हता. आज त्याच माणसाचा पणतू क्वीन्समध्ये, न्यू जर्सीत किंवा फ्लॉरिडात स्वतःच्या नावाचे घर घेतो, तेव्हा त्या घराबरोबर त्याच्या पदरात एक गटारही पडते. ही गोष्ट खरेदीखत करताना त्याला क्वचितच कोणी सांगतो. न्यूयॉर्क शहरात घरापासून रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंत जाणारा संपूर्ण नळ, आणि तो जेथे मुख्य वाहिनीला मिळतो तो सांधासुद्धा, घरमालकाच्या जबाबदारीचा आहे. अंगणातला भाग तर त्याचा आहेच. परंतु पदपथाखालचा आणि अर्ध्या रस्त्याखालचा भागही त्याचाच आहे. इतर गावांतून ही सीमा निराळी असू शकते, म्हणून ती आपल्या गावच्या कचेरीत विचारून घ्यावी. मालकी म्हणजे नुसता दरवाजाचा किल्ला नव्हे, ती जमिनीखालीही उतरते.

आता या वाटेने एकदा चालून जावे. मोरीच्या खाली नळाला जो वाकडा बाक असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या बाकात ओंजळभर पाणी सदैव उभे राहते आणि गटारातील दुर्गंधी घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये आपल्या शौचकूपाचा हक्क नोंदविला, तेव्हा त्याच्या युक्तीचे सार हेच होते. एवढ्याशा पाण्याच्या पडद्यावर आधुनिक घराची सारी स्वच्छता उभी आहे. पुष्कळदा वापरात नसलेल्या पाहुण्यांच्या न्हाणीघरात दुर्गंधी सुटते आणि गृहिणी नाना प्रकारची सुगंधी औषधे शिंपीत बसते. वस्तुतः तेथील ट्रॅप वाळलेला असतो. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतले की काम झाले.

ट्रॅपपासून पुढे सर्व मोऱ्यांचे व शौचकूपांचे पाणी एका उभ्या नळात येते, तो तळघरात उतरून आडवा होतो आणि भिंतीतून बाहेर पडतो. भिंतीजवळ बहुधा सफाईचे एक झाकण असते. प्रत्येक घरमालकाने ते झाकण कोठे आहे हे एकदा डोळ्यांनी पाहून ठेवावे. तसेच बाहेरून घरात येणाऱ्या शुद्ध पाण्याची मुख्य झडप कोठे आहे, आणि ती कोणत्या बाजूस फिरविली म्हणजे बंद होते, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असावे. उत्तरेकडील हिवाळ्यात पाणी गोठते, गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या दाबाने तांब्याचा नळही फुटतो. अशा वेळी झडप शोधण्यात गेलेली दहा मिनिटे म्हणजे छत कोसळण्यास पुरेसा अवकाश होय.

तुंबलेल्या पाण्याचे निदान करणे हे वैद्यकीसारखेच आहे. एकच मोरी हळूहळू वाहत असेल, तर रोग त्या मोरीच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या जवळपास आहे. तेथे रबरी प्लंजर किंवा ट्रॅप उघडून साफ करणे पुरते. वरच्या मजल्यावर शौचकूपात पाणी सोडले असता तळघराच्या मोरीत गुडगुड आवाज येत असेल, तर रोग घराच्या मुख्य नळात आहे. शेजारच्या दोन-तीन घरांतही त्याच वेळी पाणी वर येत असेल, तर दोष बहुधा रस्त्याखालच्या शहराच्या वाहिनीत आहे. आणि केवळ मुसळधार पावसातच पाणी उलटत असेल, तर शहराची वाहिनी भरून गेल्याचे ते चिन्ह आहे. हा विचार न करता जो मनुष्य मोरीत औषधाची बाटली ओतीत सुटतो, त्याची अवस्था आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी होते. शिवाय ही औषधे म्हणजे तीव्र क्षार किंवा तीव्र आम्ल. एकावर एक ओतली तर त्यांतून विषारी वायू अथवा उकळते शिंतोडे निघू शकतात, आणि नंतर नळ उघडणाऱ्या कारागिराचे हात व डोळे भाजतात. औषध ओतले असल्यास ते कारागिराला आधी सांगणे, हा साधा माणुसकीचा धर्म आहे.

रोगाची कारणे पाहू जाता पहिला मान तेलातुपाचा. फुलौरी आणि बारा तळून उरलेले तेल, डाळीच्या फोडणीचे तूप, मटणाच्या रश्शाची चरबी, हे सर्व ऊन असताना पाण्यासारखे वाहते, म्हणून ते गेले असे वाटते. ते जात नाही. थोडे पुढे सरकून थंड नळात थिजते. कढत पाणी ओतल्याने ते वितळून आणखी दहा फूट पुढे जाते आणि तेथे पुन्हा थिजते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पुण्याइतकीच चरबीलाही लागू आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात सापडलेला चरबीचा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. त्याच्या खालोखाल शिजलेला भात येतो, कारण तो पाण्यात फुगतो. मग केस, मग ओले पुसणे म्हणून विकले जाणारे कापडासारखे कागद. हे कागद शौचकूपात टाकण्याजोगे आहेत असे पुडक्यावर लिहिलेले असले तरी ते साध्या कागदाप्रमाणे विरघळत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकघराच्या मोरीखालील खरकटे दळण्याच्या यंत्रावर बहुतेक भागांत १९९७ पर्यंत बंदी होती, ती उगाच नव्हती. बंदी उठली म्हणून यंत्रात सालपटे, भात आणि हाडे घालावीत असा अर्थ होत नाही. तेल थंड करून जुन्या डब्यात भरावे, झाकण लावावे आणि केराबरोबर द्यावे. मंदिराच्या स्वयंपाकघरात, जेथे एका रविवारी शेकडो पाने उठतात आणि कढया भरभरून तळण होते, तेथे तर हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

दुसरे कारण घराच्या वयात असते. जुन्या घरांचे नळ बिडाचे किंवा भाजलेल्या मातीचे. बीड आतून गंजून अरुंद होते. मातीच्या नळाच्या सांध्यांतून झाडांची मुळे पाण्याच्या शोधात आत शिरतात आणि तेथे जटेसारखी वाढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ उपनगरी घरांना लाकडाचा लगदा आणि डांबर यांपासून केलेले नळ बसविले गेले. न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंजबर्ग या गावी ते होत, म्हणून त्यांना त्याच गावाचे नाव पडले. स्वस्त होते, हलके होते. परंतु काही दशकांत ते मातीच्या भाराखाली चेपू लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे युग संपले, तरी कित्येक अंगणांखाली ते अद्यापि पडून आहेत. अशा वयाचे घर घेण्यापूर्वी नळातून कॅमेरा फिरवून पाहण्यास जे थोडे पैसे पडतात, ते वाचविणे म्हणजे काटकसर नव्हे.

गळतीचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तिचा आवाज लहान आणि हिशेब मोठा. सेकंदाला एक थेंब गाळणारी तोटी वर्षाकाठी तीन हजारांहून अधिक गॅलन पाणी वाया घालविते, असे अमेरिकेच्या पर्यावरणखात्याचे गणित आहे. तोटीतील रबरी वायसर बदलणे हे चार आण्यांचे काम. शौचकूपाची टाकी गुपचूप गळते की काय हे पाहण्यास टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकावेत. दहा मिनिटांत, पाणी न सोडता, खालच्या भांड्यात रंग उतरला तर आतील रबरी पडदा जुना झाला असे समजावे.

आता कारागिराकडे वळावे. ज्या कामासाठी आज घरोघरी यंत्र घेऊन माणसे येतात, ते काम पूर्वी कुदळीचे होते. नळात मुळे शिरली की अंगण खणावे लागे. १९३० च्या दशकातील मंदीत आयोवा राज्यातील डे मॉइन शहरी सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थाने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार, चाकांच्या बुटांची चाके आणि पोलादी दोर यांची सांगड घालून एक फिरते पाते तयार केले. ते नळातून आत जाऊन मुळे कापीत असे. हे यंत्र त्याने अडीचशे डॉलरना विकले, आणि विकत घेणाऱ्या कित्येक बेकारांनी त्यावर आपला धंदा उभारला. रोटो-रूटर हे नाव त्यातूनच रूढ झाले. घाणीशी संबंध असलेल्या कामाला हलके मानण्याची वाईट खोड ज्या समाजात आहे, त्याने ही कथा ध्यानात ठेवावी. आजच्या अमेरिकेत परवानाधारक नळकारागीर हा शिकलेला, परीक्षा दिलेला आणि प्रतिष्ठित धंदेवाईक आहे. गिरमिटियांच्या वंशजांतीलही काही तरुणांनी हा धंदा पत्करला तर त्यात कमीपणा कसला? ज्यांच्या पणजोबांनी मैलोगणती चर वाहते ठेवले, त्यांना ही विद्या शोभून दिसते.

कारागीर निवडताना काही पथ्ये पाळावी लागतात. न्यूयॉर्क शहरात रस्त्यापर्यंतच्या मैलावाहिनीचे काम परवानाधारक मास्टर प्लंबरकडूनच करून घ्यावे लागते. त्याचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो शहराच्या इमारतखात्याकडे पडताळून पाहावा; प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. ओळखीचा आहे, आपल्या गावचा आहे, स्वस्तात करून देतो, एवढ्यावर घराचा मुख्य नळ कोणाच्या हाती देऊ नये. दाराशी येऊन तुमचा संपूर्ण नळ बदलावा लागेल असे सांगणाऱ्याला प्रथम हात जोडून थांबवावे. नळात फिरविलेल्या कॅमेऱ्याचे चित्र स्वतः पाहावे, त्याची प्रत मागून घ्यावी, आणि दुसऱ्या कारागिराचा लेखी अंदाज घ्यावा. काम कोठून कोठपर्यंत, कोणत्या सामानाने, किती पैशांत आणि किती मुदतीच्या हमीने, हे कागदावर असावे. मध्यरात्री पाणी चढत असताना माणूस कोणत्याही किमतीला मान डोलावतो. म्हणून कारागिराचे नाव आणि क्रमांक कोरड्या दिवशीच लिहून ठेवावा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय येथे फार महाग पडते.

आता राहिली ती पुराची गोष्ट. न्यूयॉर्कच्या सुमारे ६० टक्के भागात पावसाचे पाणी आणि घरांचे सांडपाणी एकाच वाहिनीतून वाहते. पुष्कळशा वाहिन्या तासाला पावणेदोन इंच पाऊस गृहीत धरून बांधलेल्या आहेत. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी मध्यवर्ती उद्यानातील पर्जन्यमापकात एका तासात ३.१५ इंच पाऊस ओतला. त्या रात्री शहरात १३ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी ११ तळघरातील बिऱ्हाडांत. मृतांतील बहुसंख्य क्वीन्समधील होते. जेव्हा वाहिनी भरून जाते, तेव्हा पाणी सखल जागा शोधते, आणि रस्त्याच्या पातळीखाली असलेले तळघर हीच त्याला सापडणारी पहिली सखल जागा होय.

यावर एक उपाय आहे, आणि तो या वाचकांच्या पूर्वजांना चांगला माहीत होता. कोकणात खाडीलगतच्या शेतीला बांध घालतात आणि त्या बांधात एक झडप ठेवतात, तिला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातील पाणी तिला ढकलून बाहेर जाते. भरती आली की खाडीचे पाणीच तिला दाबून बंद करते. गोव्यातील खाजणांत हीच रचना मानस या नावाने शतकानुशतके चालत आली आहे. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या घरी उघाडी हा शब्द परका नसावा. जे डेमेराराला गेले त्यांना तेथे डच काळापासूनचे कोकर भेटले. तेथे राखणदार दार वर उचली आणि खाली सोडी, परंतु तत्त्व तेच : आतले बाहेर जावे, बाहेरचे आत येऊ नये.

घराच्या मुख्य नळावर बसविण्याची उलटझडप ही तीच उघाडी होय. इंग्रजीत तिला बॅकवॉटर व्हॉल्व्ह म्हणतात. घरचे पाणी तिला ढकलून बाहेर जाते. शहराची वाहिनी उलटली की तिचे पाते आपोआप मिटते. ती परवानाधारक कारागिराकडूनच बसवून घ्यावी लागते. मात्र तिचे तीन नियम आहेत. पहिला, तिच्या पात्यावर चरबी किंवा कागद अडकला तर ती पूर्ण मिटत नाही, म्हणून वेळोवेळी तिचे झाकण उघडून ती साफ करावी. दुसरा, ती मिटलेली असताना घरचेही पाणी बाहेर जात नाही. म्हणून मुसळधार पावसात भांडी, कपडे, स्नान सर्व थांबवावे. नाहीतर घर आपल्याच पाण्यात बुडेल. तिसरा, ती नळातून येणारे पाणी अडविते, दारातून, खिडकीतून किंवा जमिनीतून पाझरणारे नव्हे. म्हणून पुराचा इशारा मिळताच तळघरात झोपणाऱ्यांना वर आणणे हा नियम कोणत्याही झडपेपेक्षा मोठा आहे. वस्तू पुन्हा घेता येतात.

एवढे करूनही संकट आलेच तर क्रम ध्यानात असावा. मैलापाण्यात विजेची उपकरणे असतील तेथे पाय ठेवू नये. न्यूयॉर्कमध्ये ३११ या क्रमांकावर प्रथम कळवावे, म्हणजे शहराची माणसे मुख्य वाहिनी तपासतात. दोष शहराचा असल्यास खासगी कारागिराचा खर्च वाचतो. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. काहीही फेकून देण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि नुकसान झालेल्या वस्तूंची यादी करावी. शहराकडे भरपाई मागावयाची असल्यास घटनेपासून ९० दिवसांच्या आत लेखी सूचना द्यावी लागते. ती मुदत टळली तर न्याय्य मागणीही सहसा बुडते. घराच्या सामान्य विम्यात गटार उलटल्याची भरपाई बहुधा नसते, तिच्यासाठी वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. विम्याचे कागद एकदा चष्मा लावून वाचण्यास हाच हेतू पुरेसा आहे.

ज्यांचे आजे अक्षरशत्रू असल्यामुळे अंगठा उठवून कराराखाली बांधले गेले, त्यांच्या नातवांना कागद वाचण्याचे महत्त्व अधिक सांगावयास नको. २०१९ च्या त्या शनिवारी ज्यांनी छायाचित्रे काढली, तक्रारी नोंदविल्या आणि अर्ज भरले, त्यांनी एका अर्थी जुना हिशेबच पुरा केला. मळ्यावर जो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती तो त्यांनी विचारला : हे गटार कोणाचे?

परंतु हा प्रश्न विचारणाऱ्याने आपले उत्तरही तयार ठेवावे. क्वीन्सच्या या भागातील मोऱ्यांचे पाणी विमानतळाजवळील जमेका शुद्धीकरण केंद्रात जाते आणि तेथून निवळून जमेका बेच्या खाडीत उतरते. मोठ्या पावसात एकत्र वाहिन्या भरून वाहू लागल्या की मैल्यासह पावसाचे पाणी न निवळताच खाडीत पोहोचते. त्याच खाडीच्या काठी कॅरिबियन हिंदू कुटुंबे गंगापूजेला जमतात, दिवे सोडतात, पाण्याला आई म्हणून हात जोडतात. रविवारी ज्या पाण्याला फूल वाहायचे, त्याच पाण्याकडे सोमवारी कढईतील तेल पाठवायचे, ही दोन कृत्ये एकाच हाताला शोभत नाहीत.

घराखालची वाट शेवटी त्या काठाला जाऊन मिळते. शहराने तिचा आपला भाग सांभाळावा, हे त्याच्याकडून मागून घ्यावे. उरलेला भाग, मोरीच्या जाळीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत, हा घरधन्याचा. तेथे त्याने उघाडी बसवावी, ती साफ ठेवावी, आणि ओहोटीला काय बाहेर जाऊ द्यायचे हेही स्वतःच ठरवावे.